काहून नाही झालं?

संध्याकाळी कंपनीची बस सुटण्याआधी काका रोज एकच प्रश्न विचारायचे.

"आज काही झालं?"

"नाही काका. काहीच नाही झालं."

कोणत्याही शहाण्या माणसाचं एवढ्यावर समाधान व्हावं. काका चष्मा कपाळावर चढवायचे, माझ्याकडे संशयाने बघायचे आणि म्हणायचे, "काहून नाही झालं?"

काही बिघडलं, तर का बिघडलं हे सगळं जग विचारतं. त्यासाठी मीटिंग भरते, समोसे येतात. पण काही बिघडलं नाही, तर का बिघडलं नाही याचा जाब मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की नेमका तोच माझा साहेब होता. सुरुवातीला मी "भगवान की दया से" असं उत्तर देऊन पाहिलं. "देवाला पासवर्ड तू देऊन ठेवला आहे काय?" असं त्यांनी विचारलं. मग मी खरी कारणं पाठ करू लागले. डिस्कवर जागा होती म्हणून. बॅटऱ्या वेळेवर बदलल्या म्हणून. पंख्यातली धूळ सकाळी काढली म्हणून. हे सगळं म्हणून होईपर्यंत ते मला बसमध्ये चढू देत नसत, आणि तोवर ड्रायव्हर हॉर्न वाजवून आम्हा दोघांचा उद्धार करत असे.

आमची कंपनी जबलपूरच्या रिछाईत होती आणि मटार गोठवायची. हिवाळा लागला की शहपुऱ्याकडून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून यायच्या. फाटकाशी काट्यावर वजन व्हायचं, कॉम्प्युटरवरून चिठ्ठी निघायची आणि मग माल आत जायचा, सोलायला, उकळत्या पाण्यातून काढायला, गोठवायला. कोणाची ट्रॉली किती भरली, कुठल्या कोल्ड रूममध्ये काय ठेवलं, तिथे पारा किती आहे, कोणता ट्रक कुठे निघाला, सगळं एका सर्व्हरवर. सर्व्हर थांबला की काटा थांबला, आणि काटा थांबला की ट्रॉल्यांची रांग मोठ्या रस्त्यापर्यंत. बोरीत भरलेला मटार कडाक्याच्या थंडीतही आतून तापतो आणि पिवळा पडतो, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. सर्व्हर थांबू न देणं हे काकांचं काम, आणि काकांच्या हाताखाली बसणं हे माझं.

काकांचं घराणं वऱ्हाडातलं. वडील रेल्वेच्या नोकरीत मदन महलला आले आणि तिथेच राहिले. आमचे पूर्वज त्याच्या कितीतरी आधी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. एवढ्या पिढ्यांनंतर आमच्या घरात मराठी उरली ती देवघरापुरती आणि रागावण्यापुरती. नोकरीच्या मुलाखतीत काकांनी माझं आडनाव वाचलं आणि हिंदी सोडून दिली. "मराठी आहेस ना? मग मराठीत बोल. काहून लाजून राहिली?" त्या संध्याकाळी मी घरी आईला त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवली. आई हसली, आणि मग आमच्या घरात 'काहून' हा एक विनोदच होऊन बसला.

काका दिवसभर बघायचे. दुसरा शब्द नाही. त्यांनी प्रत्येक गोष्टीला एक घंटी बांधून ठेवली होती, म्हणजे कॉम्प्युटरमधली. डिस्क ठरावीक रेषेच्या वर भरली की वेगळी घंटी, पंखा मंदावला की वेगळी, काट्याची चिठ्ठी निघायला जरा जास्त वेळ लागला की तिसरीच. या घंट्या वाजल्या की ते खूश असत. "जो कुरकुर करून राहिला त्याची काळजी नाही. जो एकदम चूप झाला, त्याच्याकडे आधी पाहायचं." हे ते मशीनबद्दल म्हणत की माणसांबद्दल, हे मी कधी विचारलं नाही. एवढ्या घंट्या असूनही सकाळी आल्या आल्या ते सर्व्हरच्या कपाटाला तळहाताची मागची बाजू लावून बघायचे, मुलाला ताप आहे का हे आई बघते तसं. मी म्हटलं, "काका, टेंपरेचर तर स्क्रीनवर आहे."

"स्क्रीन सांगून राहिली. ती खरं सांगून राहिली का, ते मी पाहून राहिलो."

आता यातली खरी अडचण सांगते. कोणी विचारलं, काय चाललंय, तर काका मराठीत म्हणायचे, "पाहून राहिलो." हिंदीत विचारलं तर तेच हिंदीत, "देख रहे हैं." आणि जबलपुरात 'देख रहे हैं' या शब्दांना एक पक्का अर्थ आहे. वीज गेली म्हणून फोन करा, "देख रहे हैं." नळ कोरडा आहे म्हणून जाऊन उभे राहा, "देख रहे हैं." याचा अर्थ, घरी जा, आमच्याकडून काही होणार नाही. सगळं गाव हा अर्थ जाणून होतं, एक काका सोडून. ते हे शब्द जसेच्या तसे वापरत. बिलिंगवाले त्यांना पाठीमागे 'देखरहेहैं साहब' म्हणत आणि ते आमच्या खोलीवरून जाताना आत डोकावून हसत.

काका साधेभोळे होते असं कोणी समजू नये. गर्व भारी होता, आणि तोही न घडलेल्या गोष्टींचा. बस पंक्चर न होता रिछाईला पोचली तर त्याचं श्रेय त्यांचं, कारण सकाळी टायरला त्यांनी लाथ मारून पाहिलेली असे. शेजारच्या मुलीच्या लग्नात आभाळ भरून आलं आणि पाऊस पडलाच नाही, तर काका पुढे कित्येक दिवस सांगत होते की ताडपत्री त्यांनी आधीच आणून ठेवली होती. "ताडपत्रीमुळे पाऊस कसा थांबेल काका?" असं मी विचारलं. "नाही आणली असती, म्हणजे मग पाहिलं असतं तू," ते म्हणाले. या माणसाशी वाद घालून कोणी जिंकणं शक्य नव्हतं.

आणि चुकायचेही जबरदस्त. त्यांनी सर्व्हरला असं शिकवून ठेवलं होतं की रोज सकाळी त्याने काकांच्या मोबाइलवर एक मेसेज पाठवायचा. मेसेजात एकच शब्द, 'ठीक'. तो आला की काका चहा पीत. एका रविवारी तो आला नाही. काका चहा तसाच सोडून पायात सापडतील त्या चपला घालून निघाले. सुट्टीच्या दिवशी चावी मालकांकडे, म्हणजे सेठजींकडे असायची, आणि सेठजींच्या घरी सत्यनारायण चालू होता. काका ओल्या केसांच्या बायकांमधून वाट काढत थेट पुढे जाऊन बसले आणि कथा चालू असताना सेठजींना बोटं फिरवून चावीची खूण करू लागले. सेठजींना वाटलं कारखान्याला आग लागली. त्यांनी सोवळ्यातच गाडी काढली. रिछाईला पोचून कुलूप उघडलं, तर सर्व्हर शांतपणे गुणगुणत होता, आणि मेसेज त्याने वेळेवर पाठवलेला होता. काकांच्या मोबाइलची व्हॅलिडिटी आदल्या दिवशी संपली होती.

सोमवारी बिलिंगवाले पोट धरून हसले. त्यांच्यात मीही होते. काकांना काडीची लाज वाटली नव्हती. ते गंभीर होऊन म्हणाले, "सर्व्हरला मी पाहून राहिलो. पण जो पाहून राहिला, त्याला कोण पाहून राहिलं, हे पाहायचं राहून गेलं." त्या दिवसापासून व्हॅलिडिटीवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे दर वर्षी विश्वकर्मा पूजेला सगळ्या मशीनांना हार घालत, आणि मग वर्षभरात ज्याने कंपनीला वाचवलं त्याला सेठजींच्या हातून शाल-श्रीफळ मिळे. ही शाल दर वर्षी मेंटेनन्सच्या तिवारीजींकडे जायची. तिवारीजी माणूस चांगला, पण त्यांच्या हाताखालची मोटर जळेपर्यंत त्यांना मोटर आहे याची आठवण होत नसे. एकदा ती जळली की मात्र तोंडाला काजळी, शर्टाची बटणं उघडी, घामाघूम होऊन "हो गया सेठजी, चालू कर दी!" असं ओरडत ते बाहेर येत, आणि सगळा कारखाना टाळ्या वाजवे. काकाही टाळ्या वाजवत आणि माझ्या कानात म्हणत, "बेअरिंग वाजून राहिलं होतं दिवाळीपासून. कितीदा सांगितलं."

काकांना शाल कधीच मिळाली नाही, कारण काकांनी कधी काही पेटूच दिलं नाही. शालीबिलीचं त्यांना काही नाही, असं ते म्हणत. पण पूजेच्या सकाळी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून येत आणि दुसऱ्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर बसत, म्हणजे नाव पुकारलं तर कोणाच्या पायांवरून न जाता उठता यावं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मुकाट्याने दुसरीकडे बघू लागले.

त्यांच्या घरी मी अधूनमधून जायचे, आमचं घर जवळच होतं. काकू पोहे करायच्या आणि काकांच्या तक्रारी सांगायच्या. काका रोज सकाळी गॅसचा सिलेंडर थोडा उचलून बघत, किती उरला आहे ते. गच्चीवरची टाकी वाजवून बघत. "लग्नाच्या दिवशी बी मांडवाचा खांब हलवून पाहून राहिले होते," काकू म्हणायच्या. "भटजी ओरडून राहिले, मुहूर्त चालला म्हणून. आणि हे म्हणे, थांबा, हा खांब ढिला आहे." काका पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "मग पडला का मांडव?" काकूंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

अशी आमची गाडी ठीक चालली होती. मग सेठजींनी कारभार मुलाकडे सोपवला. त्याला सगळे भैयाजी म्हणत. भैयाजी बाहेर शिकून आलेले, बोलायला गोड, कोणाला टाकून बोलत नसत. दिवाळीनंतर त्यांनी सगळ्यांना एकेक करून विचारलं, आप क्या करते हैं? तिवारीजींनी अर्धा तास पराक्रम सांगितले. काकांची पाळी आली.

"काकाजी, आप क्या करते हैं?"

"देखते हैं."

"मतलब, अभी क्या चल रहा है?"

"देख रहे हैं."

भैयाजी हसले. ते जबलपूरचेच होते, त्यांना अर्थ माहीत होता. मी मध्ये तोंड घालून डिस्क, पंखे, बॅटऱ्या असं काहीबाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की इंदूरची एक एजन्सी हे सगळं तिथे बसून बघते, इथे भिंतीवर एक टीव्ही लावून देते, सगळं ठीक असलं की हिरवं, बिघडलं की लाल. "फिर भी, काकाजी पुराने आदमी हैं. ये सीझन देखते हैं. ज़रूरत लगी, तो काकाजी यहीं रहेंगे."

म्हणजे काय, हे मी बसमध्ये काकांना समजावून सांगितलं. सीझनमध्ये काही बिघडलं आणि काकांनी ते दुरुस्त केलं, तर काका राहणार. काही झालं नाही, तर काका जाणार. निवृत्तीला अजून अवकाश होता आणि त्या वयात जबलपुरात त्यांना दुसरं कोण बोलावणार होतं? पण पगाराचं मी म्हणत नाही. या माणसाला बघण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. ते हातातून गेलं असतं तर काका कसे राहिले असते, याची मला भीती वाटत होती.

"मग बिघडेल कशाला?" काका म्हणाले. "मी आहे ना."

मी कपाळ बडवून घेतलं.

मटार भरात असताना एके सकाळी डिस्कची घंटी वाजली. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या, एकीवर जे लिहिलं जाई तेच दुसरीवर. त्यातली एक आदल्या दिवशीच गेलेली आणि तिच्या जागी नवीन बसवलेली. आता उरलेली जुनी कुरकुरू लागली होती, आणि तिच्यावरचं सगळं नवीनवर अजून पुरतं उतरलं नव्हतं. जुनी थांबली असती तर काटा थांबला असता. कपाटात सुटी डिस्क तयार होती, काकांनीच आणून ठेवलेली. मला तर देवच पावला. मी म्हटलं, "काका, हात लावू नका. एक दिवस थांबू द्या. रांग लागू द्या. भैयाजींना धावत येऊ द्या. दुपारपर्यंत तुम्ही चालू कराल, शर्टाची दोन बटणं उघडी ठेवा आणि बाहेर या. शाल पक्की, नोकरी पक्की." हा सल्ला चांगला होता, मी आजही तोच देईन. त्या संध्याकाळी मी काकूंनाही कटात घेतलं. काकूंनी पोह्यांची बशी आपटून त्यांना सांगितलं, "एक दिवस पडू द्या ना. काहून सगळं अंगावर घेऊन राहिले? घरी बसले, तर दिवसभर मला पाहून राहतील!"

काका बराच वेळ पोह्यातले शेंगदाणे वेगळे करत बसले. मग म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी काकांनी न बघण्याचा प्रयत्न केला. असा प्रयत्न मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. त्यांनी खुर्ची फिरवून सर्व्हरकडे पाठ केली. हात मांडीवर घट्ट धरले. घंटी वाजली की खांदे उडायचे. चेहरा भाजल्यासारखा झाला होता. शेवटी मीच म्हटलं, "काका, बाहेर जाऊन चहा घेऊन या." ते फाटकापाशी टपरीवर गेले. थोड्या वेळाने मीही गेले, ते पळून परत सर्व्हरकडे जाऊ नयेत म्हणून.

ट्रॉल्यांची रांग लागली होती, रोज लागते तशीच. एक शेतकरी आपल्या ट्रॉलीवर चढून एका बोरीचं तोंड सोडत होता. त्याने बोरीत कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून उभा राहिला. मग हात काढला, आणि तळहाताची मागची बाजू आपल्या गालाला लावून पाहिली. काका चहाचा ग्लास धरून त्याच्याकडे बघत होते.

"क्या देख रहे हो भैया?" काकांनी विचारलं.

"गरमा रई है," तो म्हणाला. "जल्दी करवा दो साहब, हम रात के निकरे हैं."

काकांनी ग्लास ठेवला. मी म्हटलं, "काका, नाही." ते म्हणाले, "बेटा, हा पाहून राहिला, आणि मी पाठ करून बसलो." आणि चालू लागले. जेवणाच्या सुट्टीत काटा तसाही बंद असे, तेवढ्यात त्यांनी डिस्क बदलली, सगळं नीट भरलं का ते पाहिलं आणि वर सर्व्हरच्या कपाटाला हात लावून आले. सुट्टी संपली, काटा चालू झाला, चिठ्ठ्या निघू लागल्या. कारखान्यात कोणाला काही कळलं नाही. माझ्या एवढ्या सुंदर डावाचं एका बोरीभर मटाराने वाटोळं केलं. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी बसपाशी त्यांनी हळूच विचारलं, "आज काही झालं?" मी सरळ बसमध्ये चढले.

सीझन संपला. भैयाजींनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "सर्वर में कुछ हुआ इस बार?" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "कुछ नहीं हुआ." काकाही त्या सुरात होते, सगळ्यात मोठ्याने.

निरोप समारंभ चांगला झाला. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि या वेळी पहिल्या रांगेत, मध्ये बसले. अखेर शाल मिळाली, नारळ मिळाला. भैयाजी बोलले. "काकाजी इतने साल हमारे यहाँ रहे. और आज मैं सबके सामने कह सकता हूँ कि इतने साल में यहाँ कुछ नहीं हुआ!" सभेत हशा पिकला. बिलिंगवाल्यांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. काका उभे राहिले, कानापर्यंत लाल झाले आणि हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले, मांडीवर शाल आणि नारळ. "ऐकलं ना?" ते म्हणाले. "सगळ्यांसमोर म्हणाले. काही नाही झालं म्हणाले. माझ्या कामाचं एवढं चांगलं कोणी बोललं नव्हतं आजवर." मला रडू कोसळलं. काकांना वाटलं, मी त्यांच्या जाण्याने रडते आहे. ते तर होतंच.

पुढे इंदूरच्या एजन्सीचा टीव्ही आला. मोठा, भिंतीवर, भैयाजींच्या केबिनमध्ये काचेतून दिसेल असा. त्यावर हिरवे चौकोन. पाहुणे आले की भैयाजी त्यांना तो दाखवत. मटारासारखा हिरवा, असं म्हणून तिवारीजींनी कौतुक केलं. मला बिलिंगला टाकलं, कारण आता बघायला कोणी लागत नव्हतं.

पावसाळ्यात एकदा मी काकांकडे गेले. काकूंनी दारातच हळू आवाजात सांगितलं, "परवा पोहे करून राहिली होती, गॅस संपला. यांना माहीतच नाही. उचलून पाहतच नाहीत आता." काका आत पलंगावर बसले होते. मी मुद्दाम म्हटलं, "कंपनीत काही नाही झालं काका." मी वाट बघितली. ते म्हणाले, "बरं." एवढंच. मग थोड्या वेळाने म्हणाले, "ते 'कुछ नहीं हुआ' म्हणाले होते ना, बेटा, त्याचा अर्थ मला नंतर समजला." मी पोहे खाल्ले आणि घरी आले. रस्ताभर मला त्यांचंच एक वाक्य आठवत होतं, जो एकदम चूप झाला त्याच्याकडे आधी पाहायचं. पण पाहून मी करणार काय होते?

मग पुन्हा मटार आला. एका सकाळी मी भैयाजींच्या केबिनसमोरून बिलिंगकडे जात होते. टीव्हीवर सगळं हिरवं होतं. भैयाजी यायचे होते, झाडूवाली काच पुसत होती. टीव्हीच्या कोपऱ्यात बारीक घड्याळ होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग टीव्हीतल्या. टीव्हीतलं घड्याळ आदल्या संध्याकाळीच थांबलेलं होतं.

स्क्रीन गोठली होती. हिरवीच्या हिरवी गोठली होती, आमच्या मालासारखी.

मी आमच्या जुन्या खोलीत गेले. काकांनी निरोपाच्या दिवशी चावी माझ्याकडे दिली होती आणि ती परत मागायचं कोणाला सुचलं नव्हतं. आधी सर्व्हरच्या कपाटाला हात लावला, का ते मला विचारू नका. मग बसून पाहिलं. एजन्सीच्या प्रोग्रामने आपण क्षणोक्षणी काय काय पाहिलं याच्या नोंदी लिहून लिहून अख्खी डिस्क भरून टाकली होती. इतकी की त्याचा स्वतःचाच श्वास कोंडून तो हिरव्यावर अडकला होता. तसूभर जागा उरली होती. आणखी थोड्या चिठ्ठ्या, आणि मग काट्याचीही चिठ्ठी निघाली नसती. फाटकाबाहेर ट्रॅक्टर येऊन लागल्याचे आवाज येत होते. मी त्या नोंदी दुसरीकडे हलवल्या, जागा झाली ते पाहिलं, टीव्हीचा प्रोग्राम बंद करून परत चालू केला. घड्याळ चालू लागलं. चौकोन पुन्हा हिरवे झाले, या वेळी खरे.

काटा वेळेवर उघडला. पहिली चिठ्ठी निघाली. भैयाजी आले, त्यांनी टीव्हीकडे पाहिलं आणि समाधानाने केबिनमध्ये गेले. सांगून पाहावं असं एकदा मनात आलं होतं. पण काय सांगणार, काही झालंच नव्हतं. कोणी विचारलं असतं, सकाळी त्या खोलीत काय करत होतीस, तर माझ्या तोंडून एकच उत्तर निघालं असतं, आणि जबलपुरात त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी बसपाशी उभी राहून मी काकांना फोन लावला. काकूंनी उचलला, मग त्यांनी आत नेऊन दिला.

"काका," मी म्हटलं, "आज काही नाही झालं."

मला वाटलं, आता 'बरं' म्हणतील आणि फोन ठेवतील. मी कानाला फोन दाबून उभी राहिले. मग पलंग करकरल्याचा आवाज आला, कोणी सरळ होऊन बसावं तसा.

"काहून?" काकांनी विचारलं. "काहून नाही झालं?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता. वाजवू दे म्हटलं, आणि मी अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.